विद्यापीठीय वेब होस्टिंगचे अद्ययावतीकरण

विद्यापीठाची संकेतस्थळे ज्या यंत्रांवर, आज्ञावल्यांवर आणि संगणकजाळ्यावर उभी असतात, ती आधारव्यवस्था जुन्या अवस्थेतून नव्या अवस्थेत नेण्याच्या प्रक्रियेस विद्यापीठीय वेब होस्टिंगचे अद्ययावतीकरण असे म्हणतात. पडद्यावर दिसणाऱ्या पानाची सजावट बदलणे हा या प्रक्रियेचा मुख्य हेतू नसतो. अद्ययावतीकरण उत्तम रीतीने पार पडले, तर वाचकाला काही बदलले आहे हे जाणवतही नाही. ते फसले, तर निकालाचे पान उघडत नाही, जुना प्रबंध सापडत नाही किंवा वर्षानुवर्षे जमवलेली माहिती कायमची नष्ट होते.

विद्यापीठाचे संकेतस्थळ हे एकच स्थळ नसते. मुख्य संकेतस्थळाखेरीज विभाग, ग्रंथालय, परीक्षा विभाग, संशोधन केंद्रे, नियतकालिके, परिषदा, माजी विद्यार्थ्यांच्या संघटना आणि प्राध्यापकांची वैयक्तिक पाने असा मोठा पसारा असतो. ही स्थळे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या व्यक्तींनी, त्या त्या वेळी उपलब्ध असलेल्या साधनांनी तयार केलेली असतात. करणारी व्यक्ती निवृत्त होते किंवा शिक्षण संपवून निघून जाते. स्थळ मात्र मागे उरते. एखाद्या व्यापारी संस्थेच्या तुलनेत विद्यापीठातील अद्ययावतीकरण अधिक गुंतागुंतीचे होते, ते प्रामुख्याने यामुळे.

संकल्पना

संकेतस्थळ म्हणजे काही धारिका आणि बहुधा एक माहितीसाठा (डेटाबेस) होय. वाचकाने न्याहाळकात पत्ता टाकला की ती मागणी ज्या संगणकाकडे जाते आणि जो संगणक पान तयार करून परत पाठवतो, त्याला सर्व्हर म्हणतात. संकेतस्थळाला सर्व्हरवर जागा देणे, तो अहोरात्र चालू ठेवणे, त्याचे रक्षण करणे आणि त्यावरील माहितीच्या राखीव प्रती ठेवणे या सर्व कामांना मिळून वेब होस्टिंग ही संज्ञा वापरली जाते.

या व्यवस्थेची रचना थरांची असते. तळाशी यंत्र, वीजपुरवठा आणि वातानुकूलन असते. त्यावर परिचालन प्रणाली, बहुतेक ठिकाणी लिनक्सचा एखादा प्रकार असतो. तिच्यावर अपॅची किंवा एनजिनएक्स यांसारखी वेब सर्व्हर आज्ञावली, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांसारखा माहितीसाठा, पीएचपी किंवा पायथन यांसारखी आज्ञावली-भाषा आणि सर्वांत वर वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांसारखी आशय व्यवस्थापन प्रणाली असते. यांखेरीज पत्त्याचे यंत्रक्रमांकात रूपांतर करणारी डोमेन नामप्रणाली आणि संवाद कूटबद्ध करण्यासाठी लागणारे सुरक्षा प्रमाणपत्र हे दोन घटक आवश्यक असतात.

हे थर परस्परांवर अवलंबून असल्यामुळे एकच थर बदलणे सहसा शक्य होत नाही. पीएचपी हे याचे बोलके उदाहरण आहे. या भाषेत माहितीसाठ्याशी जोडणी करण्यासाठी आरंभापासून वापरात असलेला ‘मायएसक्यूएल’ हा आज्ञासंच डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीतून पूर्णपणे वगळण्यात आला. त्यामुळे ज्या विभागांची पाने त्या आज्ञांवर बेतलेली होती, ती नव्या सर्व्हरवर नेताच बंद पडतात. नवी परिचालन प्रणाली घ्यावी, तर ती नवी पीएचपी घेऊन येते. नवी पीएचपी घ्यावी, तर पंधरा वर्षांपूर्वीचा कार्यक्रम पुन्हा लिहावा लागतो आणि तो लिहिणारा आता विद्यापीठात नसतो.

इतिहास

वर्ल्ड वाइड वेबचा उगम आणि आरंभीचा प्रसार दोन्ही संशोधनसंस्था व विद्यापीठांतून झाले. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना प्रत्यक्षात आणली. युरोपबाहेरील पहिला वेब सर्व्हर डिसेंबर १९९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून चालवल्या जाणाऱ्या स्लॅक या प्रयोगशाळेत सुरू झाला. इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन अनुप्रयोग केंद्राने (एनसीएसए) १९९३ मध्ये मोझेक हा न्याहाळक आणला. याच केंद्रात तयार झालेल्या वेब सर्व्हर आज्ञावलीचा विकास पुढे मंदावला, तेव्हा ती वापरणाऱ्या व्यवस्थापकांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि १९९५ मध्ये त्यातून अपॅची ही आज्ञावली जन्मास आली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९२ मध्ये सुरू झालेला सनसाइट हा संग्रह पुढे आयबिब्लिओ या नावाने ओळखला जाऊ लागला. ड्रुपल या प्रणालीचे मूळही बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाच्या विद्यार्थी वसतिगृहात आहे. ड्रीस बायटार्ट यांनी ती २००१ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

त्या काळी विद्यापीठातील प्रत्येक खातेदाराला युनिक्स यंत्रावर स्वतःची निर्देशिका मिळत असे. तिच्यातील एका ठरावीक उपनिर्देशिकेत ठेवलेल्या धारिका आपोआप जगाला दिसत. अशा पानाच्या पत्त्यात खातेदाराच्या नावाआधी ‘~’ हे चिन्ह येई. कोणाचीही परवानगी न मागता प्रकाशन करता येण्याची ही सोय वेबच्या वाढीस पोषक ठरली. व्याख्यानांच्या टिपणांपासून दुर्मिळ शब्दसूचींपर्यंत बराच मौलिक मजकूर या मार्गाने प्रसिद्ध झाला. आजच्या अद्ययावतीकरणात सर्वाधिक धोका याच पानांना असतो, कारण त्यांची नोंद कोणत्याही मध्यवर्ती यादीत नसते.

भारतात शैक्षणिक संगणकजाळ्याचा पाया १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने घातला. त्यात भारतीय विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) यांचा सहभाग होता. हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले. सर्वसामान्य नागरिकांसाठी आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. म्हणजे देशातील शैक्षणिक जाळे त्याआधी जवळपास दशकभर अस्तित्वात होते.

अद्ययावतीकरणाची कारणे

पाठबळाची समाप्ती : प्रत्येक आज्ञावलीच्या आवृत्तीला तिचे निर्माते ठरावीक मुदतीपर्यंतच सुरक्षा-दुरुस्त्या पुरवतात. पीएचपी ५.६ ची मुदत ३१ डिसेंबर २०१८ रोजी, पायथन २ ची १ जानेवारी २०२० रोजी, तर ड्रुपल ७ ची ५ जानेवारी २०२५ रोजी संपली. विनामूल्य असल्यामुळे अनेक संस्थांनी स्वीकारलेल्या सेंटओएस लिनक्स ८ ची मुदत आधी जाहीर केलेल्या तारखेच्या कितीतरी आधी, म्हणजे ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपवण्यात आली; तिच्या आधीची ७ वी आवृत्ती ३० जून २०२४ पर्यंत चालली. मुदत संपल्यावर सर्व्हर बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, आणि धोका नेमका यातच असतो, कारण नव्याने सापडलेली छिद्रे बुजवणारे कोणी उरत नाही.

सुरक्षा : एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषामुळे कूटबद्ध संवाद करणाऱ्या सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर परक्यांना वाचता येत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्रुपल ७ मध्ये गंभीर दोष आढळला. दुरुस्ती जाहीर झाल्यानंतर सात तासांच्या आत जी स्थळे अद्ययावत झाली नाहीत, ती हल्लेखोरांच्या ताब्यात गेली आहेत असेच गृहीत धरावे, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा गटाने दिला होता. विद्यापीठांच्या पत्त्यांना शोधयंत्रांत विश्वासार्हता असल्यामुळे बेवारस पडलेल्या विभागीय पानांत जाहिराती आणि फसवे दुवे घुसवण्याचे प्रकारही घडतात.

कूटबद्ध संवाद : पूर्वी सुरक्षा प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावे लागत, त्यामुळे ती केवळ प्रवेश व शुल्क यांच्या पानांपुरती घेतली जात. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठ यांच्याशी संबंधित मंडळींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने डिसेंबर २०१५ पासून विनामूल्य प्रमाणपत्रे सर्वांना खुली केली. जुलै २०१८ पासून क्रोम न्याहाळक कूटबद्ध नसलेल्या प्रत्येक पानावर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला. या प्रमाणपत्रांची मुदत ९० दिवसांची असल्यामुळे त्यांचे नूतनीकरण हाताने करणे व्यवहार्य नसते. ते आपोआप व्हावे अशी व्यवस्था उभारणे हा अद्ययावतीकरणाचा भाग ठरला.

भार : विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील गर्दी समान वाटलेली नसते. एरवी शांत असलेल्या सर्व्हरवर निकालाच्या किंवा प्रवेशयादीच्या दिवशी काही मिनिटांत हजारो विद्यार्थी एकाच वेळी येतात. पान न उघडल्याने विद्यार्थी ते वारंवार ताजे करतात आणि भार आणखी वाढतो. प्रत्येक मागणीसाठी माहितीसाठ्यातून पान नव्याने घडवण्याऐवजी तयार पानाची तात्पुरती प्रत देणे, मागण्या अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणे आणि निकालाची सेवा मुख्य संकेतस्थळापासून वेगळी ठेवणे हे त्यावरील सर्वमान्य उपाय आहेत.

कार्यपद्धती

अद्ययावतीकरणाची पहिली पायरी म्हणजे जंत्री. कोणती स्थळे आहेत, ती कोठे आहेत, कोणत्या आवृत्तीवर चालतात, त्यांचा उत्तरदायी कोण आणि ती शेवटची केव्हा बदलली गेली, याची यादी केली जाते. कागदोपत्री यादी पुरेशी नसते. डोमेन नोंदी, सर्व्हरच्या भेटनोंदी आणि शोधयंत्रे यांच्याशी ती ताडून पाहावी लागते.

त्यानंतर स्थळांचे वर्गीकरण होते. चालू आणि महत्त्वाची स्थळे नव्या व्यवस्थेत पूर्णपणे हलवली जातात. ज्यांचा आशय मोलाचा आहे पण ज्यांत भर पडत नाही, उदाहरणार्थ होऊन गेलेल्या परिषदांची स्थळे, ती स्थिर पानांत रूपांतरित केली जातात. अशा पानांमागे माहितीसाठा किंवा कार्यक्रम नसतो. त्यामुळे ती अल्प देखभालीवर दीर्घकाळ टिकतात. ज्यांचा उपयोग संपला आहे, त्यांची प्रत अभिलेखागारात ठेवून ती बंद केली जातात.

प्रत्यक्ष स्थलांतरापूर्वी नव्या सर्व्हरवर स्थळाची चाचणी-प्रत उभी केली जाते. अर्ज भरणे, शोध घेणे, धारिका चढवणे, ई-मेल पाठवणे या सर्व क्रिया तेथे करून पाहिल्या जातात. डोमेन नामप्रणालीतील नोंद जगभरातील सर्व्हर ठरावीक काळ स्मरणात ठेवतात. हा काळ अनेकदा एक दिवसाचा, म्हणजे ८६,४०० सेकंदांचा असतो. बदलाच्या किमान दिवसभर आधी तो ३०० सेकंदांपर्यंत खाली आणला, तर पत्ता नव्या यंत्राकडे वळवल्यावर बहुतेक वाचक थोड्याच वेळात तेथे पोहोचतात आणि काही बिघडल्यास तितक्याच लवकर जुन्या यंत्राकडे परतता येते. बदलाच्या क्षणी जुन्या स्थळावरील लेखन थांबवले नाही, तर काही अर्ज जुन्या माहितीसाठ्यात आणि काही नव्यात जमा होतात. म्हणून तेवढ्या वेळापुरते स्थळ केवळ वाचनासाठी खुले ठेवतात. प्रवेश, परीक्षा आणि निकाल यांचा काळ टाळून सुट्टीतील दिवस निवडण्याचा प्रघात आहे.

जुना सर्व्हर लगेच मोडीत काढला जात नाही. नवी व्यवस्था स्थिरावेपर्यंत तो बाहेरील जगापासून तोडून, पण चालू स्थितीत ठेवला जातो.

देवनागरी मजकुराचे स्थलांतर

मराठी, हिंदी, कोकणी आदी भाषांतील मजकूर असलेल्या स्थळांपुढे एक निराळी अडचण असते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी देवनागरी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवलेल्या या फॉन्टांत प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी होती. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसला, की पान निरर्थक रोमन अक्षरांनी भरलेले दिसे. काही स्थळे फॉन्ट पानासोबतच पाठवत, पण ती सोय बहुधा इंटरनेट एक्सप्लोरर या एकाच न्याहाळकात चाले. असा मजकूर शोधयंत्रांना सापडत नाही आणि दृष्टिहीनांसाठीच्या वाचक-आज्ञावलीलाही वाचता येत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. तथापि ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांच्या ठिकाणी चुका राहू शकतात आणि माणसाकडून मुद्रितशोधन करून घ्यावे लागते.

युनिकोडमधील मजकूरही पूर्णपणे निर्धोक नसतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत ‘लॅटिन-१’ ही लिपिसंहिता मूळ निवड म्हणून दिलेली असे. अनेक स्थळांनी नकळत तिच्यातच यूटीएफ-८ मजकूर साठवला. लिहिणारा आणि वाचणारा कार्यक्रम एकच चूक करत असल्यामुळे पान बरोबर दिसे. माहितीसाठा नव्या आवृत्तीत नेताना मात्र प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर मानला जातो आणि एकेका देवनागरी चिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. चूक लवकर लक्षात आली तर ती उलट दिशेने दुरुस्त करता येते. परंतु बिघडलेल्या साठ्यात नवा, अचूक मजकूर मिसळला गेला, की दोहोंना वेगळे करणे जिकिरीचे होते. त्यामुळे स्थलांतरानंतर केवळ मुखपृष्ठ न पाहता जुन्या नोंदींतील जोडाक्षरयुक्त नावे तपासणे इष्ट ठरते. गुणपत्रिकेवरील आणि पदवी प्रमाणपत्रावरील नावे याच साठ्यातून येत असल्यास या तपासणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पत्त्यांचे सातत्य

विद्यापीठांच्या पानांचे पत्ते पुस्तकांत, शोधनिबंधांत आणि न्यायालयीन निर्णयांतही उद्धृत झालेले असतात. अद्ययावतीकरणात पत्त्यांची रचना बदलली, तर हे सर्व संदर्भ निकामी होतात. हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांतील सुमारे निम्मे दुवे मूळ माहितीपर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधील पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. चांगले पत्ते बदलत नसतात, असा आग्रह टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच धरला होता.

यावरील उपाय म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन करणे. वेबच्या संकेतांत त्यासाठी ३०१ हा क्रमांक राखून ठेवलेला आहे. प्रत्येक जुने पान त्याच्या नव्या रूपाशी जोडणे अपेक्षित असते. सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवले, तर वाचकाच्या दृष्टीने ते हरवल्यासारखेच असते. प्रबंध व शोधनिबंध यांच्यासाठी यंत्र बदलले तरी न बदलणारे स्थायी ओळखक्रमांक वापरले जातात.

भारतातील व्यवस्था

भारतातील शैक्षणिक संस्थांना ‘.एसी.इन’ व ‘.ईडीयू.इन’ या विस्तारांखालील पत्ते अर्नेट इंडियाकडून मिळतात. राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने (एनकेएन) विद्यापीठे आणि संशोधनसंस्था उच्च गतीच्या जोडणीने एकमेकींशी जोडल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘शोधगंगा’ हा संग्रह त्या प्रबंधांसाठी आहे. एखाद्या विद्यापीठाचा स्वतःचा सर्व्हर बंद पडला, तरी शोधगंगेत जमा झालेला प्रबंध उपलब्ध राहतो, हा या मध्यवर्ती व्यवस्थेचा मोठा लाभ आहे.

‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारख्या घटनांची माहिती सहा तासांच्या आत कळवणे आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे. जुन्या सर्व्हरवर अशा नोंदी ठेवण्याची सोय नसल्यास या निर्देशांचे पालन कठीण जाते.

धोके

अद्ययावतीकरणाचे काम स्वतःच हानीचे कारण ठरू शकते. जपानमधील क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकाच्या राखीव प्रती घेणाऱ्या आज्ञावलीत सुधारणा करताना झालेल्या चुकीमुळे सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-माहिती पुसली गेली. चालू असलेल्या कार्यक्रमाची धारिका मध्येच बदलली गेल्याने हा प्रकार घडला. संशोधकांच्या १४ गटांना त्याची झळ बसली आणि काहींची माहिती परत मिळवता आली नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील एका व्यापारी माहितीकेंद्राला लागलेल्या आगीत, मूळ माहिती व तिची राखीव प्रत एकाच आवारात ठेवणाऱ्या काही ग्राहकांनी दोन्ही गमावल्या. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा राखीव प्रतींचा प्रचलित नियम आहे. प्रत घेतली जाते एवढ्यावर विसंबून न राहता तिच्यावरून स्थळ पुन्हा उभे करता येते का, हे अधूनमधून करून पाहणे तितकेच आवश्यक मानले जाते.

मतभिन्नता

अद्ययावतीकरणासोबत बहुधा केंद्रीकरण येते. सर्व विभागांनी एकच आशय व्यवस्थापन प्रणाली वापरावी, असा व्यवस्थापकांचा आग्रह असतो. त्यामुळे देखभाल सोपी होते, सुरक्षा वाढते आणि अपंग वाचकांसाठीच्या सुगम्यतेचे निकष सर्वत्र पाळता येतात. याउलट, साचेबंद रचनेत गणिताची चिन्हे, भाषाशास्त्रीय ध्वनिचिन्हे, नकाशे किंवा शोधता येण्याजोगे शब्दकोश यांसारखा विशेष आशय बसत नाही, अशी विभागांची तक्रार असते. काही विद्यापीठे यावर मध्यममार्ग काढतात : परिचालन प्रणाली, प्रमाणपत्रे आणि राखीव प्रती यांची जबाबदारी मध्यवर्ती कक्षाकडे राहते, तर आशय व मांडणी यांचे स्वातंत्र्य विभागांकडे.

स्वतःचे यंत्रकक्ष ठेवावेत की व्यापारी क्लाउड सेवा घ्यावी, याबाबतही दुमत आहे. क्लाउड सेवेत निकालाच्या दिवसापुरती क्षमता वाढवता येते आणि यंत्रखरेदीचा एकरकमी खर्च टळतो. मात्र मासिक देयक वापरानुसार बदलते आणि वार्षिक अंदाजपत्रकावर चालणाऱ्या संस्थांना ते आधी निश्चित करणे अवघड जाते. विद्यार्थ्यांची माहिती कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या देशात राहते, हा प्रश्नही उरतो. कोणताही पर्याय निवडला, तरी अद्ययावतीकरण एकदाच करून संपत नाही. आज उभारलेल्या व्यवस्थेतील प्रत्येक घटकाची मुदत ठरलेली असते; त्यामुळे पुढील बदलासाठी लागणारी जंत्री, उत्तरदायी व्यक्तीची नोंद आणि वार्षिक तरतूद कायम ठेवणे हा या व्यवस्थेचा अविभाज्य भाग समजला जातो.